काकणाची वही

“आणि काल? कालही काहीच नाही?”

“वाच की रे. लिहिलंय.”

मी पान उलटलं. कालच्या तारखेपुढे निळ्या शाईत, वळणदार अक्षरात: आज काही घडले नाही. परवाही तेच. त्याच्या आदल्या दिवशीही तेच. सत्तर दिवसांची वही आणि सत्तर वेळा तेच चार शब्द.

“बाबा, मी पेपरवाला आहे. मला काहीतरी द्या!”

“सावलीत बस,” ते म्हणाले.

विसू आडारकर तीस वर्षं दीपगृहावर नोकरीला होते. गावात त्यांना बत्तीवाले म्हणत. निवृत्त झाल्यावर किनाऱ्यालगतच्या एका रायवळ आंब्याखाली उपड्या होडीवर ते बसू लागले. आंब्याच्या शेंड्याजवळ काकणाचं घरटं होतं. काकण म्हणजे समुद्रगरुड, मासे आणि समुद्रसाप उचलून नेणारा. घरटं बाजेएवढं, आत एकच पिल्लू. ते उडून जाईपर्यंत राखण करायची, एवढंच बत्तीवाल्यांचं काम. कुणी नेमलेलं नव्हतं.

गावाचं नाव लिहीत नाही. अडतीस वर्षं लिहिलेलं नाही.

मी चोवीस वर्षांचा होतो. एम.ए. झालेला, भांडखोर. माझ्या नावाने एक ओळही छापून आली नव्हती. जे लिहीन ते ‘आमच्या प्रतिनिधीकडून’. संपादक म्हणाले होते, पिल्लू पहिल्यांदा उडतानाचा फोटो आण, गाव, रस्ता, सगळं सविस्तर लिही, पहिल्या पानावर तुझं नाव घालतो. तेवढ्यासाठी आठ दिवस मी बत्तीवाल्यांच्या पडवीत झोपत होतो आणि त्यांच्या हातची पेज जेवत होतो.

तशी चव पुन्हा कुठल्या पेजेला आली नाही.

गळ्यात एक कॅमेरा, त्यात एकच रोल. बोट शिवशिवायचं आणि आवरावं लागायचं. आता पिल्लाच्या डोक्यावर ड्रोन घोंगावतात आणि फोटो काढणारा घरी पोचायच्या आत घरट्याचा नकाशा जगभर जातो. त्यावर भांडून मी तीन नोकऱ्या सोडल्या. ते असो.

“बाबा, तुम्ही तर पिल्लाकडे पाठ करून बसता.”

“पिल्लाकडे बघायला त्याचे आईबाप आहेत. मी रस्त्याकडे बघतो.”

“आणि बत्तीवर होतात तेव्हा वहीत काय लिहायचात?”

“हेच.”

“तीस वर्षं? कंटाळा नाही आला?”

“एकदा वेगळं लिहावं लागलं...” ते थांबले. “सात माणसं होती त्या होडीत.”



मग त्यांनी पिशवीतून दुसरी वही काढून माझ्या मांडीवर ठेवली. मागल्या वर्षीची. अठ्ठेचाळीस पानं तशीच, चार शब्दांची. एकोणपन्नासावं भरलेलं.

‘सकाळी सव्वासात. दोन जीपगाड्या. पिल्लू हलेना म्हणून झाडाखाली सुतळी बॉम्ब. पिल्लू उडाले. पाण्यापर्यंत.’

“बाबा, ही बातमी!” मी म्हणालो.

त्यांनी फक्त बोटाने पानाची खालची बाजू दाखवली. तिथे भाताच्या शिताने एक कात्रण चिकटवलेलं होतं. चार ओळींचं. गावाचं नाव, आंब्याची खूण, आणि शेवटी: ‘पक्षिप्रेमींनी ही संधी दवडू नये.’

ते ‘दवडू नये’ माझं होतं.

गावातल्या कुणाचं तरी पत्र कचेरीत आलं होतं. दोन चहांच्या मधे मी त्याच्या चार ओळी केल्या होत्या. नंतर काय झालं हे कुणी कळवलं नाही, मीही विचारलं नाही.

“कुणी लिहिलं असेल रे?” बत्तीवाले म्हणाले. “नावच घातलेलं नाही.”

सांगायचं सोडून मी वही मिटून त्यांच्या हातात दिली.

तेवढ्यात वरून काटक्या पडल्या. मी मान वर केली. पिल्लू घरट्याच्या कडेवरून पुढच्या फांदीवर आलं होतं. आई मासा घेऊन आली, पण घरट्यात उतरलीच नाही. समोरच्या सुरूवर जाऊन बसली आणि ओरडू लागली. पिल्लाने पंख उघडले, मिटले, पुन्हा उघडले. मग फांदी रिकामी झाली.

ते आधी दगडासारखं खाली आलं. पाण्याच्या हातभर वर वाऱ्याने त्याला झेललं आणि ते वाकडंतिकडं होत वर चढलं, वर चढलं, आणि सुरूच्या शेंड्याला कसंबसं लोंबकळलं.

कॅमेरा माझ्या हातात होता. बटण दाबलं गेलं होतं, एकदाच.

“उडालं! बाबा, उडालं!”

बत्तीवाले रस्त्याकडेच बघत होते. त्यांचे डोळे मात्र भरले होते.

“कुठं बसलं?”

“सुरूवर. शेंड्याला.”

“संध्याकाळी येईल परत घरट्यात. शिकार जमेपर्यंत येत राहील. महिना, दोन महिने... तोवर मी आहेच.”

साडेचारची एस.टी. गाठली असती, तर रोल आणि मजकूर दुसऱ्या दिवशी संपादकांच्या टेबलावर असता. परवाच्या पहिल्या पानावर माझं नाव. वळणावर एस.टी.चा भोंगा वाजला. मी पिशवी उचलली.

बत्तीवाल्यांनी चालू वही उघडली, तारीख घातली. पेन मात्र माझ्यापुढे धरलं.

“तू पाहिलंस. तू लिही.”

भोंगा पुन्हा वाजला, थोडा जवळ. गाडी थांबल्याचा आवाज आला. मग कंडक्टरची घंटा... मग गाडी निघाल्याचा.

मी पिशवी खाली ठेवली. होडीवर बसलो आणि लिहिलं. चार शब्द. अक्षर वाकडं आलं.

बत्तीवाल्यांनी वही डोळ्यांजवळ नेऊन वाचली. मग ती पुन्हा माझ्याकडे सरकवली.

“खाली नाव घाल,” ते म्हणाले. “पूर्ण.”