यल्लूच्या टाक्यावरच्या गोवऱ्या

थांबा पाव्हणं, त्या शिळेवरच्या गोवऱ्या काढू नका! अक्षरं वाचायचीत? अहो, ती वाचता येऊ नयेत म्हणूनच तर आमच्या बायका तिथं गोवऱ्या थापतात. मागं एक साहेब ब्रश घेऊन आले होते. "ऐतिहासिक शिलालेख आहे, आजी," म्हणाले. असू दे की! खोटं दगडात कोरलं म्हणून खरं होतंय होय?

हे पाण्याचं टाकं यल्लू वडारणीनं खोदलं. शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं, त्या साली ती याच माळावर, पालात जन्मली असं सांगतात. राज्य बुडालं म्हणून मोठी माणसं रडली म्हणे. पालातल्यांना काय त्याचं? काल एकाचे दगड फोडत होते, आज दुसऱ्याचे.

साताऱ्याची गादी खालसा झाली, त्या उन्हाळ्यात यल्लूचं पोर तापात 'पाणी, पाणी' करत गेलं. गावच्या विहिरीवर वडारांना चढू देत नव्हते, आणि नदी कोसभर लांब. पोराला त्या बोरीखाली माती दिली, वर एक दगड ठेवला, आणि यल्लूनं या खडकावर पहार मारली. "ह्याला पाणी लागंस्तवर मी सावलीला बसणार न्हाई," म्हणाली.

दिवसभर लोकांची खडी फोडायची, उरल्या वेळात हा खडक. नवरा आधी खुळी म्हणाला, मग तोही घण घेऊन आला आणि इथंच खपला. तिकडं उत्तरेत शिपाई उठले, तोफेच्या तोंडी गेले. राणीचं राज्य आलं. घाटातनं आगगाडी धावली. यल्लू आपली उन्हातच. शेवटी मोठ्या दुष्काळात, गुरं पटापटा मरत होती तेव्हा, खडकाला पाझर फुटला.

गाव नाचलं! आणि इनामदारानं काय करावं? ही शिळा बसवली, 'टाकं इनामदारांनी बांधिलें' म्हणून, आणि पहारा ठेवला. वडारांनी शिवायचं नाही! मेल्याच्या जिभेला हाड कसं ते नव्हतं. म्हातारी यल्लू पायरीवर आली. "मला नगं. लेकराच्या दगडावर वतायला वंजळभर द्या." नाही दिलं. लोक म्हणाले, पाणी लागलं, नवस फिटला, आता तरी सावलीला बस. "आधी त्याला मिळू दे," म्हणाली, आणि त्याच पायरीवर उन्हात तिनं प्राण सोडला. गाव बघत उभं होतं. आमचेच पूर्वज की, दुसरं कोण! आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो माझ्या.

दुसऱ्या दिवशी इनामदाराची धाकटी सून शेणाची पाटी घेऊन आली. पहारेकऱ्यादेखत तिनं सासऱ्याच्या नावावर पहिली गोवरी थापली. मग घागर भरली आणि बोरीखालच्या दगडावर सगळी रिकामी केली. मालकिणीला अडवायची कुणाची छाती?

आजही शिळेचं एखादं अक्षर उघडं पडलं, की जिला पहिल्यांदा दिसेल ती बाई शेण थापते. आणि आजही या टाक्याचं पाणी कुणी थेट तोंडाला लावत नाही.

तहान लागलीय ना तुम्हाला? हा घ्या तांब्या, भरा. ती बघा बोर. आधी पोराला पाजा.