महाराजांचं तांबूस बालपण

त्या राज्यात बालपण दाराशी ठेवायची पद्धत होती. पाहुणा आला की आधी ते बघायचा, कौतुक करायचा, मगच त्याला पाणी विचारलं जायचं. सशाच्या बिळापाशी एक हिरवंगार बालपण होतं. मोराकडे तीन होती. त्यातली दोन कुणाची, हे विचारायची रीत नव्हती.

ही बालपणं घडवायची झुबकी नावाची शेकरू. जुन्या सलईच्या झाडाची राळ काढून ती उन्हात पातळ करायची आणि साच्यात थरावर थर ओतायची. समोर बसलेल्यानं लहानपणची एक आठवण सांगत राहायची. तो सांगेल तसा राळेला रंग चढायचा आणि आत ते दृश्य उमटायचं. बुडबुडा दिसला की झुबकी तो काट्यानं फोडायची. शेवटचा थर आळला की ती आठवण सांगणाऱ्याच्या डोक्यात उरायची नाही. हवी तेव्हा दाराशी जाऊन बघावी लागे. याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. उलट डोकं कसं हलकं होतं, असंच सगळे म्हणत.

झुबकीच्या स्वतःच्या दाराशी मात्र काहीच नव्हतं. शेजारी तिला चिक्कू म्हणत, आणि या बाबतीत ती होतीच चिक्कू. तिच्याकडे एकच आठवण होती. ढोलीत ती निजलेली, आईनं अंगावर शेपटी पसरलेली, आणि शेपटीच्या केसांतून झिरपणारा तांबूस उजेड. त्या आठवणीवर तिचा फार जीव होता. आई अजून त्याच सलईवर राहायची. वयामुळे दुसऱ्या झाडावर उडी घेणं आता तिला जमत नव्हतं.

राज्यात उत्सव आला. परमुलखातले पाहुणे येणार, आणि राजवाड्याच्या दाराशी बालपण नाही, हे बरं दिसलं नसतं. प्रधान कोल्हा वाघमहाराजांना घेऊन झुबकीकडे आला.

महाराजांनी आठवण सांगितली. गुहेत तीन बछडे होते. दुष्काळ पडला. मग एकच बछडा होता. पहिल्याच थराला राळ काळीकुट्ट झाली, तेव्हा झुबकीनं पुढचे थर ओतलेच नाहीत.

दुसऱ्या खेपेला महाराजांनी दुष्काळ वगळला. राळ काळीच. तिसऱ्या खेपेला भाऊही वगळले. मग सांगण्यासारखं काहीच राहिलं नाही, पण राळ काळी व्हायची ती झालीच.

प्रधानानं घसा खाकरला. "महाराजांच्या बालपणात खोट असणं शक्य नाही. म्हणजे खोट राळेत आहे. हे झाड तोडावं लागेल."

"प्रधानजी, त्या झाडावर माझी आई राहते."

"मग राळ सुधारा की! आम्ही कुठं नको म्हणतोय? उद्या पालखी पाठवतो."

झुबकीनं वर पाहिलं. आई फांदीवर बसून निवांत फळ कुरतडत होती. आईची आठवण राखायची की आई, एवढाच प्रश्न होता आणि त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. तरी ती दुपारपर्यंत विचार करत बसली.

मग तिनं साच्यासमोर बसून स्वतःलाच सांगायला सुरुवात केली. अगदी हळू सांगितलं, पुरवून पुरवून. शेवटचा थर आळला तेव्हा समोर एक अतिशय सुंदर काम होतं. हे बालपण कुणाचं, तिला आठवेना. बाहेर पालखी आली, त्यावरून महाराजांचं असणार, हे तिनं ताडलं.

उत्सवात पाहुण्यांचे डोळे पाणावले. पिल्लू शेपटीखाली पूर्ण झाकलेलं असल्यानं ते कसलं, हा प्रश्न आला नाही. वाघिणीची शेपटी एवढी झुपकेदार कशी, असं एका अस्वलानं विचारलं. तेव्हाच्या शेपट्या तशाच असत, आताच्या खाण्यात तो कस राहिला नाही, असं प्रधानानं सांगितलं. महाराज रोज तिथं उभे राहून आपल्या आईबद्दल बोलू लागले आणि बोलता बोलता त्यांनाही ते पटलं. पुढं दवंडी पिटली गेली की महाराजांच्या बालपणाची नक्कल कुणी करू नये.

एका थंड सकाळी झुबकी आईला ते दाखवायला घेऊन गेली. रांग मोठी होती. आईला लांबचं नीट दिसत नव्हतं.

"काय आहे गं त्यात?" आईनं विचारलं.

"महाराज लहान आहेत. त्यांच्या आईनं त्यांच्यावर शेपटी धरलीय, आणि तीतून तांबूस उजेड येतोय. किती माया असेल, नाही?"

"असेल," आई म्हणाली.

वारा सुटला. झुबकी कुडकुडायला लागली, तशी आईनं आपली शेपटी तिच्या अंगावर पसरली. ऊन नुकतंच वर आलं होतं.

झुबकीनं घाबरून पहारेकऱ्याकडे पाहिलं आणि दोन्ही हातांनी ती शेपटी बाजूला केली.

"आवर ना आई," ती दबक्या आवाजात म्हणाली. "महाराजांचं आहे ते. कुणी बघेल."

आई तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं शेपटी गोळा करून पोटाशी धरली आणि रांगेत एक पाऊल पुढं सरकली.