वागुरीतली ससीण

गवत जिथे पोरांच्या डोक्यावरून जायचं आणि वाटा फक्त सशांनाच ठाऊक होत्या, अशा एका पिवळ्याधमक माळाच्या कडेला तानकीची झोपडी होती. झोपडीत तीन माणसं. दहा वर्षांची तानकी, तिचा धाकटा भाऊ सोम्या आणि त्यांचा बा. आई नव्हती.

बा ससे धरायचा. माळावर वागूर लावायची, म्हणजे दोऱ्यांचं लांबच लांब जाळं काठ्यांवर उभं करायचं. मग लांबून वळसा घालून, काठीने गवत झोडपत, हो हो करत यायचं. ससा पळत सुटतो आणि जाळ्यात शिरतो. त्यावर तिघांचं पोट चालायचं.

त्या हिवाळ्यात बाच्या पायात बाभळीचा काटा मोडला. पाय भोपळ्यासारखा सुजला. घोट्यापासून एक लाल रेघ वर चढू लागली. म्हाताऱ्या वैदूने पाय पाहिला आणि सांगितलं, की रेघ गुडघ्याच्या वर गेली तर मग माझ्या हातात काही नाही.

बा थट्टा करायचा. म्हणायचा, पाय इथे झोपू दे, मी जाऊन येतो माळावर. पण त्याला उठून बसताही येत नव्हतं. म्हणून वागूर तानकीने खांद्यावर घेतली. बाने तिला पडल्या पडल्या सगळं समजावलं. लेंड्या कुठे बघायच्या, दोरी किती सैल सोडायची. आणि शेवटी तिचा हात धरून म्हणाला, "मानेला हात घालायच्या आधी पोटाला हात लाव. दूध लागलं, तर ती आपली नाही. गवतात तिची पिल्लं वाट बघत असतात."

पहिल्या दिवशी ऊन कलताना तानकी गवत झोडपत आली. जाळ्यात काहीतरी लुकलुकत होतं. ससा नव्हता. एक इवलीशी परी दोऱ्यांत अडकली होती. चतुराच्या पंखांसारखे तिचे पंख, निळे म्हणावेत तर हिरवे. रुपेरी कुसळांचा झगा आणि केसांत दवाचे चिमुकले मणी. तानकीने नखांनी हळूहळू एकेक गाठ सैल केली. पंखाला ओरखडासुद्धा आला नाही.

परी तिच्या तळहातावर बसली. तिने तानकीला घरचं विचारलं, आणि सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाली, "तुझी एक इच्छा मी पुरी करीन. पण आम्हाला फुकट देता येत नाही. उद्यापासून तीन संध्याकाळ. जाळ्यात आलेला ससा तू आपल्या हाताने सोड, आणि तो गवतात दिसेनासा व्हायच्या आत माग."

"आणि सोडला नाही तर?"

"तर खा. ससा कोल्हा खातो, घार खाते. मी रागावणार नाही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक गुबगुबीत तांबूस ससा सापडला. तानकी त्याला धरून उभी राहिली. सोम्याने दोन दिवस बोरं आणि पाणी यांच्यावर काढले होते आणि सकाळी तो चक्कर येऊन पडला होता. अजून दोन संध्याकाळ होत्या. तिने ससा घरी नेला.

सोम्याने हाडंसुद्धा चोखली. वर म्हणाला, तायडे, बा उगाच एवढा मोठा झाला, ससे तर तुलाच धरता येतात. बा हसला. सकाळी लाल रेघ पोटरीच्या वर होती.

पुढच्या संध्याकाळी आलेला ससा जोरकस निघाला. जाळं फाडून तो निघून गेला. तानकीने फाटलेली वागूर विणली. घरी आली तेव्हा रेघ गुडघ्याला टेकली होती, आणि बा आता थट्टा करत नव्हता.

तिसऱ्या संध्याकाळी सगळा माळ केशरी झाला होता. तानकी गवत झोडपत आली. जाळ्यात ससा होता. आज सोडायचा आणि बाचा पाय मागायचा, हे तिने सकाळीच ठरवलं होतं. तरी सवयीने तिचा हात आधी पोटाला गेला.

बोटं ओली झाली. ती ससीण होती, दुभती.

तानकी बराच वेळ खाली बसून राहिली. सशिणीचं काळीज तिच्या तळहाताखाली धडधडत होतं. मग तिने एकेक दोरी सोडवली आणि हात मोकळा केला. ससीण दोन उड्या मारून थांबली, कान उभारले, आणि सोनेरी गवतात शिरली. तानकी काही बोलली नाही. ती वागूर गुंडाळू लागली. डोळे भरल्यामुळे तिला गाठी नीट दिसत नव्हत्या.

परी एका गवताच्या तुऱ्यावर येऊन बसली. म्हणाली, "तू मागितलं नाहीस."

"ती माझी नव्हती," तानकी म्हणाली. "बाचा पाय बरा असता, तरी तिला सोडलंच असतं. मग तिच्या बदल्यात काय मागू?"

तुरा वाऱ्यावर हलत राहिला.

"आम्हालाही आयुष्यात एकदाच स्वतःसाठी काही मागता येतं," परी शेवटी म्हणाली. "मी इतकी वर्षं ते जपून ठेवलं होतं. काय मागावं तेच कळत नव्हतं." तिने डोळे मिटले, आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणाली.

तिच्या पंखांतून उजेड पाझरू लागला. आधी दिव्याएवढा, मग चंद्राएवढा. गवताचं पातं न् पातं चमकलं, कुसळं रुपेरी झाली, लांब कुठेतरी चार चिमुकले कान क्षणभर दिसले. मग उजेड विरला. तुऱ्यावर कोणी नव्हतं.

तानकी घरी धावत आली. बा दारात उभा होता, दोन्ही पायांवर. त्याच्या हातात एक काळा काटा होता आणि तो त्याच्याकडे बघतच राहिला होता.

त्या दिवशी चूल पेटली नाही. तिघांनी बोरं खाल्ली. सकाळी बा आणि तानकी मिळून वागूर घेऊन गेले, आणि सोम्या काठी आपटत त्यांच्या मागे गेला.

गवत तिथे अजून तसंच उंच वाढतं. वागूर लावणारे अजूनही आधी पोटाला हात लावतात.