महंतांच्या समोरचा पाट

"म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या पद्धतीनं मोजलं असतं, तर मी निवडून आलो असतो. एवढं तरी मान्य आहे ना, महाराज?"

रिसबूड सर उभ्यानंच विचारत होते. अमृतगिरी महाराज ओसरीवर मेथी निवडत बसले होते.

आदल्या दिवशी आमच्या मठात निवडणूक झाली होती. महाराज थकले होते. गादी कुणाकडे द्यायची ते साधकांनीच मतं टाकून ठरवावं, असं त्यांनी सांगितलं. तिघे उभे राहिले. गुरांचे डॉक्टर सोनटक्के निवडून आले. रिसबूड सर थोडक्यात पडले. तुळसाबाई तिसऱ्या आल्या.

सर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. देशोदेशीच्या राज्यघटना त्यांना तोंडपाठ. पडायची सवय मात्र नव्हती, आणि ते त्या दिवशी दिसत होतं.

खाली फाटकाशी टेम्पो येऊन थांबला होता. सरांना मानणारे साधक वळकट्या बांधून तयार होते. महाराजांनी फेरमोजणी कबूल केली तर राहायचं, नाहीतर नदीपलीकडे वेगळा मठ काढायचा, असं त्यांचं ठरलं होतं.

"नीट समजावून सांगा," महाराज म्हणाले.

"ऑस्ट्रेलियात नुसती एका नावापुढे खूण करत नाहीत. पहिली पसंती, दुसरी, तिसरी, असे आकडे घालतात. निम्म्याहून जास्त मतं कुणालाच मिळाली नाहीत, तर शेवटचा बाद. मग त्याची मतं दुसऱ्या पसंतीच्या माणसाला जातात. तुळसाबाईंच्या माणसांची दुसरी पसंती मी होतो. मी विचारून आलोय."

"कधी?"

"काल. खोलीखोलीत जाऊन."

महाराजांनी एक पिवळं पान बाजूला टाकलं.

"न्यूझीलंडात कसं असतं?"

"तिथे दोन मतं देतात. एक माणसाला, एक पक्षाला."

"बरंय की. एक तुम्हाला, एक डॉक्टरांना."

"महाराज, थट्टा नको."

"बरं. आपण कुठली पद्धत लावली?"

"इंग्लंडची. ज्याला सगळ्यांत जास्त मतं, तो आला. मग ती निम्म्याहून कमी का असेनात."

"ती कुणी सुचवली होती?"

"मीच."

"का हो?"

"तेव्हा वाटलं होतं की..."

सर थांबले. त्यांना काय वाटलं होतं ते सगळ्या मठाला ठाऊक होतं. निकालाच्या आधीच त्यांनी महंतांच्या खोलीतल्या खिडकीचं माप घेऊन ठेवलं होतं, पडद्यासाठी.

"मला फार लागलंय, महाराज," सर म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता. "इतकी वर्षं इथे घासली. आता सोनटक्क्यांसमोर मान खाली घालून बसायचं? नाही जमणार मला. राग येतो."

"येणारच."

महाराज पुन्हा मेथीकडे वळले.

"इंग्लंडात जो पडतो, तो कुठे जातो?"

"जातो कुठे म्हणजे? स्वतःची जागा राखली असेल, तर त्याच सभागृहात बसतो." शिकवायची वेळ आली की सरांचा आवाज आपोआप सुधारत असे. "विरोधी पक्षनेता होतो. पंतप्रधानांच्या अगदी समोरच्या बाकावर. सरकार त्याला पगार देतं, महाराज. राजाचा निष्ठावंत विरोधी पक्ष, असं नावच आहे."

"पगार कशाचा?"

"चुका काढण्याचा. दर बुधवारी उभं राहून पंतप्रधानांना धारेवर धरायचं."

"आणि पंतप्रधान ऐकून घेतो?"

"न घेऊन सांगतो कुणाला?"

"ऑस्ट्रेलियात?"

"तिथेही विरोधी पक्षनेता असतोच. कॅनडातही असतो."

"अमेरिकेत?"

"तिथे नाही. अध्यक्षपदाला पडलेला माणूस घरी जातो."

"टेम्पोतून?"

सरांनी खाली फाटकाकडे बघितलं.

तेवढ्यात जेवणाची घंटा झाली. आम्ही हातपाय धुऊन आत गेलो. पंगतीच्या दोन ओळी, तोंडं समोरासमोर. महंतांच्या समोरची जागा मात्र आमच्याकडे रिकामी सोडतात. महंतांच्या ताटाकडे तोंड करून कुणी बसू नये, अशी जुनी रीत. महाराज इतकी वर्षं समोरच्या भिंतीकडे बघत जेवले.

आज महंतांच्या पाटावर सोनटक्के बसले होते. नवीन सुनेसारखे अंग चोरून. कितीतरी पाट रिकामे होते, आणि ते सोडून दुसरीकडे बघणं कुणालाच जमत नव्हतं.

महाराज आत आले. भिंतीशी टेकवलेला एक पाट त्यांनी स्वतः उचलला. आम्हाला कुणाला हात लावू दिला नाही. त्या मोकळ्या जागेत, सोनटक्क्यांच्या अगदी समोर, त्यांनी तो मांडला.

"महाराज, तिथे नको," मागून कुणीतरी पुटपुटलं.

महाराजांनी पाटापुढे ताट ठेवलं. तांब्या ठेवला. मग दाराकडे बघितलं.

सर उंबऱ्याशी उभे होते. खालून टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला...

सर पाटाकडे बघत राहिले. सोनटक्क्यांनीही मान वर केली आणि ते जरा सावरून बसले.

हॉर्न पुन्हा वाजला.

सर आत आले. धोतराचा सोगा सावरत त्या पाटावर बसले. सोनटक्के त्यांच्याकडे बघत होते, ते सोनटक्क्यांकडे. दोघांनाही ते अवघड जात होतं. थोड्या वेळानं फाटकाकडून एकेक जण वळकटी घेऊन परत येऊ लागला.

तुळसाबाईंनी आमटी वाढली. कुणी घास उचलेना.

महाराज सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाले, "मीठ कमी असेल तर मोठ्यानं सांगा, सर."