बंदरात शिरायच्या खुणा

“...मग त्यानं विचारलं, तुमचं बंदर कुठलं? तेव्हा तू काय सांगितलंस?”

आबा तांडेलांनी श्रीरंग डोर्लेकरला विचारलं.

परदेशातल्या एका परिषदेत कुणा म्हाताऱ्या अभ्यासकानं त्याला सहज विचारलं होतं, एवढंच. श्रीरंगनं जगातल्या बंदरांच्या इतिहासावर तीस वर्षं घालवली होती. दोन जाडजूड ग्रंथ त्याच्या नावावर होते. त्या विषयात त्याच्या शब्दाला मान होता आणि तो आहे हे त्यालाही चांगलं ठाऊक होतं.

“सांगितलं, की लहानसं गाव आहे. तिथं सांगण्यासारखं काही नाही.”

“हं,” आबा म्हणाले.

ओहोटी लागली होती. कातळबंदरच्या जुन्या धक्क्यावर दोघं बसले होते. आबांनी नव्वदी ओलांडली होती. मालवाहू गलबतं शिडावर चालायची तेव्हाचे ते तांडेल, म्हणजे गलबताचे प्रमुख. त्या पिढीतले तेवढेच उरले होते. सतराव्या वर्षी श्रीरंग दोन हंगाम त्यांच्या गलबतावर होता. वारा ओळखायला, सुकाणू धरायला त्यांनीच शिकवलं. मग तो शिकायला म्हणून गेला, तो गेलाच.

“पण तो प्रश्न डोक्यातून जाईना, आबा. म्हणून आलो. आता आपल्या बंदराचा इतिहास लिहायचाय.”

“लिही की.”

“लिस्बनला एक दगड पाहिला होता मी. दोर घासून घासून खाचा पडलेला. त्या एका दगडावर अख्खं प्रकरण लिहिलंय.”

आबांनी त्याचा हात धरला आणि तो बसला होता त्याच दगडाच्या कडेवर ठेवला.

बोटं खाचेत गेली. गुळगुळीत, चांगली दोन बोटं खोल. तिच्याशेजारी दुसरी. मग तिसरी...

श्रीरंगनं वाकून पाहिलं. धक्क्याच्या टोकापर्यंत सगळे दगड तसेच होते.

“इथं बसून अभ्यास करायचास ना रे तू?”

“होय.”

“किती वर्षं?”

“...आठ-दहा.”

आबा समुद्राकडे बघत राहिले. डोळ्यांत मोती पडलेले, दिसत किती होतं देव जाणे.

श्रीरंगनं खिशातून रेकॉर्डर काढला. “आबा, त्या खुणा सांगा. कालिकतपासून आपल्या बंदरापर्यंतच्या. तुम्ही सुकाणूवर बसून म्हणायचात त्या. कुठंच लिहिलेल्या नाहीत.”

“मी पत्रं पाठवली होती तुला. पोस्टमास्तरांकडून लिहवून. दोन.”

“मिळाली होती.”

“‘येऊन लिहून घे’ म्हटलं होतं त्यात.”

“सवड नाही, असं कळवलं मी.” श्रीरंगची मान खाली गेली. “चुकलो, आबा.”

“गेल्या पावसाळ्यात आजारी पडलो मी. उठलो तेव्हा काही काही गेलेलं होतं. नातवंडांची नावंसुद्धा... बघू. आण तो डबा इकडे.”

आबांनी डोळे मिटले. उजवा हात सुकाणू धरल्यासारखा पुढे केला. आणि म्हाताऱ्याच्या गळ्यातून तोच जुना, संथ, हेल काढलेला आवाज निघाला.

“कालिकतचा किनारा उजव्या हाताला... नेत्राणीचं बेट दिसलं की डाव्या हाताला टाक... आग्वादचा दिवा उजवीकडे, जवळ जाऊ नको... वेंगुर्ल्याचे खडक उजवीकडे ठेव, बाहेरून जा...”

प्रत्येक नावाबरोबर हात थोडा वळत होता. श्रीरंग पुन्हा सतरा वर्षांचा झाला होता. डेकवर कौलं रचलेली, शीड फुगलेलं, आणि मागे हाच आवाज.

“...देवगडचा दिवा उजव्या हाताला... विजयदुर्ग मागे पडला... आता पाण्याचा रंग बदलेल. आपलं बंदर आलं. तोंडाशी पाण्याखाली खडक आहे, सांभाळ. टेकडीवरचं देऊळ धर, आणि ते...”

हात थांबला.

रेकॉर्डरवरचा लाल ठिपका जळत होता.

“आणि ते कशाच्या रेषेत आणायचं, आबा?”

आबांचे ओठ हलले. आवाज नाही. त्यांनी हात मागे नेला, पुन्हा पुढे आणला.

“देऊळ धर, आणि ते...”

एक बगळा चिखलातून चालत गेला.

“तू सांग,” आबा हळूच म्हणाले. “माझ्याबरोबर कितीदा आत आलायस. शेवटच्या फेरीला सुकाणू तुझ्याच हातात दिलं होतं मी.”

श्रीरंग उठून उभा राहिला. टेकडीवर देऊळ होतं. त्याच्या आसपास त्यानं शोधलं. एक मोबाईलचा टॉवर होता. नवी रिसॉर्टं होती. तेव्हा तिथं काय होतं? चिंच? मशिदीचा मिनार? कुणाच्या घराचा पांढरा गिलावा? ती खूण तेव्हा त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी देवळाशी एका रेषेत जुळवली होती. गलबत खडकाला न लागता आत आलं होतं. धक्क्यावरच्या माणसांनी आरोळी दिली होती. आरोळी आठवत होती. खूण आठवत नव्हती.

“आबा... गावात दुसऱ्या कुणाला ठाऊक असेल?”

“होते ते गेले.”

श्रीरंगनं रेकॉर्डर बंद केला. तो म्हाताऱ्याच्या पायाशी खालच्या पायरीवर बसला.

“नाही आठवत, आबा.”

आबांचा हात अजून तसाच हवेत, सुकाणूवर होता.

“मग आपण अजून बाहेरच आहोत, श्रीरंगा.”