हुकुमात नसलेला राब

फार पूर्वी डोंगराच्या एका आडबाजूला आठ घरांची वाडी होती. त्यातल्या एका घरात भिवरा आणि तिचा नवरा धाकू राहायचे. ओढ्याकाठी भाताचं एक खाचर, वर डोंगराचा उतार आणि दारात सात शेळ्या, एवढाच त्यांचा संसार. खाचरात भात व्हायचा, उतारावर नाचणी.

त्या वाडीत भात लावायची एक रीत होती. जिथे रोपं उगवायची, त्या तुकड्यावर वाळलेल्या फांद्या आणि पालापाचोळा पसरून जाळायचा. त्याला म्हणायचे राब. राब भाजला की रोप जोमानं वर यायचं, नाही भाजला की पिवळं पडायचं आणि तण माजायचं. म्हणून पौष लागला की प्रत्येक घरचा बाप्या कोयता घेऊन आपल्या उतारावर चढायचा, दिसेल त्या झाडाझुडपाची हिरवी फांदी, म्हणजे टहाळ, तोडायचा आणि वाळत घालायचा.

पण डोंगर बोडके होत चालले होते. दर पावसाळ्यात माती वाहून जायची. वाडीला ते कळत होतं, पण तिचं ऐकतो कोण? पुढे तीच माती राजधानीच्या तलावात जाऊन बसली, तलाव गाळानं भरला, तेव्हा कुठे राजाला डोंगर आठवले.

मग राजाचा वनपाल घोड्यावर बसून वाडीत आला. त्यानं हुकूम वाचून दाखवला. जो आपला उतार झाडांना देईल त्याला राजाच्या कोठारातून पाच वर्षं धान्य मिळेल, एक खेप होळीनंतर आणि एक दिवाळीनंतर. रोपं राजाची, मेहनत घरच्यांची. पाच वर्षांनी झाडं त्या घराची. मात्र तोवर तिथे नांगर नको, शेळी नको, कोयता नको. निम्म्याहून जास्त रोपं मेली तर धान्य बंद.

वाडीला हर्ष झाला. घरबसल्या नाचणी मिळणार म्हणून शेजारच्या बाळकूनं तर अख्खा उतार तिथल्या तिथे देऊन टाकला. धाकूही अंगठा उठवायला पुढे सरकला होता. भिवरानं त्याला मागे ओढलं.

दोन दिवस तिनं विचार केला. उतार काय नाचणीच देतो का? शेळ्यांचा चारा तिथला, पावसाळ्यातली रानभाजी तिथली, घर शाकारायचं गवत तिथलं. राजा धान्य देणार, पण बाकीचं कोण देणार? आणि पाच वर्षं उतार उघडा ठेवला तर उरलेली मातीही जाणार, हेही तिला दिसत होतं. शेवटी तिनं ठरवलं, वरचा चढणीचा अर्धा उतार झाडांना द्यायचा आणि खालचा अर्धा नाचणीला ठेवायचा. सातातल्या तीन शेळ्या विकायच्या, चार बांधून पाळायच्या. धाकू कुरकुरला, कारण अर्ध्या उताराला धान्यही अर्धंच मिळणार होतं. वाडीनं तिला चिकट म्हटलं. तिनं ते ऐकून घेतलं आणि कामाला लागली.

दोन पावसाळे दोघं राबली. ऐन, जांभूळ आणि शिसवीची तीनशे रोपं लावली. उन्हाळ्यात भिवरा डोक्यावरून हंडा आणून रोपाच्या मुळाशी ओंजळ ओंजळ पाणी घालायची. शेळ्यांसाठी रोज लांबून चारा कापून आणायचा. पाठ मोडायची, पण पहिली साठ-सत्तर रोपं वाळली ती वाळली, बाकीची तगली. दुसऱ्या दिवाळीला ती गुडघ्याच्या वर आली होती.

सगळा विचार केला होता भिवरानं. एक गोष्ट मात्र तिच्याही ध्यानातून सुटली होती. पहिल्या पौषाला आधी साठवलेली टहाळ पुरली, म्हणून ती दिसलीच नव्हती.

पौष लागला. धाकू पहाटे उठला, कोयता कमरेला खोचला आणि बापजाद्यांच्या वाटेनं उतारावर चढला. पायांना वाट ठाऊक होती, हाताला काम ठाऊक होतं. डोक्याला काही विचारायची दोघांनाही गरज वाटली नाही. ऊन वर येईपर्यंत तो टहाळ तोडत राहिला. भाकरी घेऊन भिवरा वर गेली तेव्हा शंभरावर रोपं बुडख्यापर्यंत छाटलेली पडली होती आणि धाकू मटकन खाली बसला होता.

“कुठं हाय त्याचं भानच नव्हतं गं मला,” तो म्हणाला आणि रडू लागला.

भिवराला आधी संताप आला, मग त्याची कीव आली. चूक त्याची होती, पण पौषात त्याच्या हातानं आणखी काय करायचं होतं? राब नाही तर भात नाही. उतार झाडांना दिला तेव्हा राबाचं काय, हे तिनंही विचारलं नव्हतं आणि हुकुमातही ते कुठे नव्हतं.

आता वाळलेली आणि तोडलेली मिळून निम्म्याहून जास्त रोपं गेली होती. चैत्रात वनपाल मोजायला येणार, धान्य बंद होणार आणि दोन वर्षांचे कष्ट मातीत जाणार.

संध्याकाळी बाळकू आला. त्यानं हळूच एक युक्ती सांगितली. वनपाल घोड्यावरून खाली उतरत नाही. तो यायच्या आदल्या दिवशी खड्ड्याखड्ड्यात निरगुडीच्या हिरव्या फांद्या खोचायच्या. दोन दिवस हिरव्या राहतात, तेवढ्यात मोजणी उरकते. धाकूच्या चेहऱ्यावर जरा रंग आला.

भिवरानं मान हलवली. “भावोजी, ती फांदी सरकारला एक दिस फसवंल. पन पाच वर्सांनी तिच्याखाली सावलीला आमालाच बसायचं हाय.”

दुसऱ्या दिवशी भाकरी बांधून ती निघाली. दीड दिवस चालून वनपालाच्या चौकीवर पोचली आणि त्यानं विचारायच्या आत तिनं सगळं सांगून टाकलं. वनपाल तापला. तोडलेलं झाड म्हणजे मेलेलं झाड, होळीची खेप बंद, असं म्हणून त्यानं वही मिटली.

भिवरा जागची हलली नाही.

“धान्य बंद करा, सरकार, माझं म्हननं नाय,” ती म्हणाली. “पन मोजनी चैत्रात करू नका. चैत्रात तोडलेलं जितं झाडबी मेल्यावानी दिसतं. श्रावनात या. बुडख्याला फुटवा आला नसंल तर माझं नाव कायमचं काढा.”

“आणि पुढच्या पौषात तुझा नवरा पुन्हा कोयता घेऊन चढला तर?”

“चढनारच. राब कुठून आनायचा? तुमच्या हुकुमात धान्य लिवलंय, राब लिवलाच नाय. माझ्या घरच्यानं चूक केली, ती मी पदरात घेते. पन हुकूम लिवनाऱ्यानंबी एक चूक केली, ती कुनी घ्यायची?”

वनपालानं मिटलेली वही पुन्हा उघडली. हुकूम त्यानंच लिहिला होता. त्यानं खालच्या आवाजात विचारलं, “राब म्हणजे काय, बाई?”

भिवरा खाली बसली आणि तिनं त्याला पहिल्यापासून समजावून सांगितलं.

होळीची खेप आली नाही. तो उन्हाळा फार कठीण गेला. आणखी दोन शेळ्या विकाव्या लागल्या. रानातले करांदे उकडून खाल्ले. खालच्या अर्ध्या उताराची नाचणी कणगीत होती म्हणून रोज एक वेळ तरी चूल पेटली. धाकू एक दिवसही वरच्या उतारावरून हलला नाही. जे हात चुकीला लागले होते, तेच आता पाण्याचे हंडे वाहायला लागले. ज्येष्ठात पहिला पाऊस पडला आणि चार दिवसांनी तो धावत खाली आला. प्रत्येक बुडख्याला लालसर फुटवा आला होता.

भिवरानं एकेका बुडख्याचा एकच जोमदार फुटवा ठेवला, बाकीचे खुडले. श्रावणात वनपाल आला. या वेळी तो घोड्यावरून उतरला, चिखलात चालला आणि रोपाला हात लावून लावून मोजत गेला. तीनशेतली दोनशे बत्तीस जिवंत होती. दिवाळीची खेप सुरू झाली. बुडालेली खेप मात्र त्यानं दिली नाही आणि भिवरानंही मागितली नाही.

त्या दिवाळीनंतर सगळ्या डोंगरात नवी दवंडी फिरली. दर चौथं झाड घरच्यांच्या राबाचं. ते वर येईतो प्रत्येक घरानं पौषात एक दिवस राजाच्या रानातून टहाळ तोडावी. अख्खा उतार दिल्यापासून बिचारा बाळकू दोन डोंगर ओलांडून राबासाठी फिरत होता. त्यानं दवंडी ऐकली आणि संध्याकाळी आपल्या खेपेतली एक पायली नाचणी भिवराच्या दारात ठेवून गेला.

पाच वर्षं पुरी झाली. झाडं डोक्यावर गेली. पौषात धाकू कोयता घेऊन चढला. एका ऐनाची फांदी हातात धरून त्यानं खाली पाहिलं.

“ह्यो आपला राबाचा नव्हं?”

“आपला,” भिवरा खालून म्हणाली. “पल्याडचाबी आपलाच. पन त्याला हात लावू नका.”

धाकूनं पलीकडच्या ऐनाकडे एकदा पाहिलं आणि मग हातातल्या फांदीवर कोयता चालवला.

या गोष्टीचं तात्पर्य: चांगल्या कामात उतरताना काय मिळेल एवढंच पाहू नका, रोजचं काय सुटेल तेही विचारा, आणि चूक झालीच तर ती झाकू नका, कारण उघड केलेल्या चुकीलाच फुटवा येतो.