बंदरावरच्या फिती

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्दही साधेच आहेत. चुकलं तर लहानांनी हसावं, मोठ्यांनी सांभाळून घ्यावं.

फार जुन्या काळी उगवतीच्या समुद्रात एक बेट होतं. तिथल्या लोकांना पायाने चेंडू खेळण्याचं भारी वेड.

बेटावर एक रीत होती. बंदरावर प्रत्येक नामांकित माणसाच्या नावाची वेळूची काठी रोवलेली असे. ज्याला जो आवडे, त्याने कापडाच्या फितीवर चार शब्द लिहून ती त्याच्या काठीला बांधायची. परमुलखातले लोकही गलबतांतून फिती पाठवत. संध्याकाळी त्या मोठ्याने वाचल्या जात आणि काठीच्या मालकाने तिथंच उभं राहून उत्तर द्यायचं; परमुलखातल्यांना ते गलबतवाले पोचवत.

सगळ्यांत जास्त फिती एका म्हाताऱ्याच्या काठीला. तो एके काळचा मोठा खेळाडू, नंतर बेटाच्या संघाचा वस्ताद. आता दोन्ही सोडून घरी बसलेला. तरी त्याची काठी फितींच्या भाराने वाकलेली असे.

हे नव्या वस्तादाला बघवत नव्हतं. ‘घाम मी गाळतो, सामने मी जिंकून देतो, आणि कौतुक त्या रिकामटेकड्याचं!’ त्याला जेवण जाईना. वाऱ्यावर फिती फडफडल्या, की त्या आपल्यालाच हसताहेत असं वाटे. वर्षाचा मोठा सामना आठ दिवसांवर आला होता. हरला तर वस्तादकी जाणार होती. तरी मैदान सोडून तो बंदरावर त्या काठीकडे बघत उभा राही.

एका दुपारी सगळे जेवायला गेलेले बघून त्याने म्हाताऱ्याच्या फिती सोडल्या आणि आपल्या काठीला बांधल्या. वाचल्या मात्र नाहीत. दुसऱ्याचं कौतुक वाचणं त्याला सोसलं नसतं.

संध्याकाळी मासळीवाली आजी फिती वाचायला आली. “अगं बाई, आज इकडे जत्रा भरली की!” तिने पहिली फीत वाचली. “वस्ताद, तुमची आंधळी मांजर आता जेवते का?”

नवा वस्ताद काठीआड सरकला.

“बोला की! मांजर कधी पाळलीत?” आजीने दुसरी उलगडली. “तुम्ही सांगितला तसा भात केला. पार करपला. आता काय करू?”

लोक खो खो हसले. तिसरी फीत आजीने हळू वाचली. “मुलगा गेल्यापासून मी कुणाशी बोलत नव्हते. तुमचं उत्तर आलं, त्या दिवशी चूल पेटवली.”

आता कुणी हसलं नाही. गर्दीतून म्हातारा म्हणाला, “मांजर जेवते. भाताला पेलाभर पाणी जास्त घाल, बाबा. आणि बाई, चुलीवर काय रांधलंत, तेवढं कळवा.”

सगळ्यांना सगळं कळलं. संघाचा कप्तान पुढे आला. “वस्ताद, कितीतरी दिवस आम्ही मैदानात तुमची वाट बघतोय. आणि तुम्ही इथं चोऱ्या करताय? उद्यापासून आम्ही येणार नाही.”

नव्या वस्तादाने खालमानेने म्हाताऱ्याला विचारलं, “तुम्हालाच एवढ्या फिती का येतात हो?”

“ठाऊक नाही. मी कधी मोजल्या नाहीत. विचारलं त्याला उत्तर देतो, बस.”

दुसऱ्या दिवशी सकाळी नवा वस्ताद एकेका खेळाडूच्या दारात गेला आणि “माझं चुकलं” म्हणाला. चार दारं उघडलीच नाहीत. जे सात जण बाहेर आले, त्यांना घेऊन तो मैदानात उतरला.

दुसऱ्याला मिळणारं प्रेम डोळ्यांत सलू लागलं, की आपली वाट बघणारी माणसं दिसेनाशी होतात.